भजनाच्या कॅसेटी: ट्रंकेतून प्रकाशनापर्यंत

ढाणकीत, किंवा उमरखेड तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या घरात, माळ्यावरची ट्रंक उघडली की लग्नाच्या अल्बमांखाली दहा-वीस कॅसेटी निघतात. अर्ध्या बाजारातल्या, प्रल्हाद शिंद्यांच्या वगैरे. उरलेल्या घरच्या: हरिनाम सप्ताहातलं कीर्तन, खंजिरी भजनाची स्पर्धा, 14 एप्रिलच्या रात्रीची भीमगीतं, होळीला बंजारा तांड्यावर म्हटलेल्या लेंगी. ग्रामोफोन कंपनीने 1902 मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण सुरू केलं, पण तबकडीपर्यंत पोचले ते मुंबई-कोलकात्याला जाऊ शकणारे. पैनगंगेकाठच्या भजनी मंडळांचा आवाज टिकला तो फिलिप्सने 1963 मध्ये आणलेल्या आणि आपल्याकडे 80 च्या दशकात घरोघरी पोचलेल्या कॅसेटमुळे. बाजारातल्या कॅसेटची दुसरी प्रत कुठे तरी मिळेल. सप्ताहाच्या कॅसेटची मिळणार नाही.

म्हणून या कृतीचा कल आधीच सांगून टाकतो. वेळ घालवायचा तो फीत नीट वाजवून उतरवण्यात. संगणकावर गेल्यावर हात आखडता ठेवायचा. बहुतेक लोक याच्या उलट करतात.

सामान

चालू स्थितीतला स्टिरिओ कॅसेट डेक, लाइन इनपुट असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप, कान झाकणारे वायरचे हेडफोन, ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, स्क्रूच्या खोक्याच्या एक-दोन कोऱ्या कॅसेटी, बारीक पेचकस, कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे शेवटचं मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं, तो त्याला आयपीए म्हणतो. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं.

डेक जुन्या बाजारातून किंवा रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या जुन्या मेकॅनिककडून घ्या. आपल्याला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ, तिथे चौकशी करा. घेताना बेल्ट नवे टाकून मागा. ‘कॅसेट थेट एमपी3 करा’ म्हणून ऑनलाइन मिळणारी वॉकमनएवढी खेळणी घेऊ नका. त्यांची मोटर डुलते, आणि डुललेला सूर नंतर सरळ करणं हे या कामातलं सर्वांत किचकट काम आहे.

आधी कागद

फीत वाजवण्याआधी वही उघडा. कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा आणि आतल्या कागदाचा फोटो काढा. मग घरातल्या थोरल्यांकडे बसा: पेटीवर कोण होतं, ढोलकी कुणाची, कुठल्या साली, कुणाच्या ओट्यावर, टेप रेकॉर्डर कुणाचा. रेकॉर्डर सेलवर चालला होता की लाइटवर, हेही विचारा. पुढे याचा उपयोग आहे. ही माहिती कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देणार नाही, आणि सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत.

त्यांना तेव्हाच कॅसेट लावून ऐकवण्याचा मोह आवरा. आजोबा गेल्यावर प्रथमच त्यांचा आवाज ऐकायचा म्हणून घरातल्या जुन्या टेपमध्ये घातलेली फीत तिथेच गुंडाळली जाते. उतरवून झालं की मग सगळ्यांना बोलवा.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन चौकोनी कान असतात. शाबूत असतील तर मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वर काही चढणार नाही.

फितीची तब्येत

खिडकीतून उजेडात पाहा. गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. पावसाळ्यात उघडलेल्या ट्रंकेत हे हमखास. अशी कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही दिवस कोरडी होऊ द्या, मग तोंडाला रुमाल बांधून बाहेर मोकळ्यावर साफ करा. बुरशीची फीत तशीच डेकमध्ये घातली तर हेडवरून ती पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते.

आपल्याकडचा दुसरा शत्रू उन्हाळा. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापमान होत असेल ते सांगायला नको. त्यात खोकं वाकतं आणि फितीला हेडवर दाबून धरणारा नमद्याचा छोटा तुकडा गोंद सुकून गळून पडतो. तो पडला की आवाज दबलेला, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतो आणि लोक समजतात फीतच गेली. फीत ठणठणीत असते. पाच स्क्रू काढून गुंडाळ्या जशाच्या तशा उचला आणि नव्या कॅसेटच्या खोक्यात बसवा. फितीला पीळ पडू देऊ नका, बोटं फितीला लावू नका. स्वस्त कॅसेटींची खोकी चिकटवलेली असतात, ती सांध्यावर पात्याने हळूच उघडावी लागतात.

तुटलेली फीत जोडायला फितीसाठीचीच चिकटपट्टी हवी. ती मागच्या गुळगुळीत बाजूने लावायची. साध्या सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे थर चिकटतात.

सगळं ठीक दिसलं की फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे न्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली गुंडाळी त्याने सैल होऊन सारख्या ताणाने बसते.

हेडचा कोन

हेड आणि त्याच्या शेजारची फिरती धातूची काडी आयपीएने पुसा, कापसाची काडी पांढरीच निघेपर्यंत. रबरी रोलरला अल्कोहोल फार लावू नये, ओलसर फडकं पुरतं.

आता या कृतीतली सर्वांत मोलाची पाच मिनिटं. ज्या रेकॉर्डरवर भजन भरलं गेलं, त्याचं हेड किंचित तिरपं असणार. सगळ्याच स्वस्त रेकॉर्डरांचं असायचं. तुमच्या डेकचं हेड सरळ आहे. तिरप्या हेडने लिहिलेलं सरळ हेडने वाचलं की वरचे सूर मरतात: टाळाची किणकिण, खंजिरीच्या चकत्या, ‘स’ आणि ‘श’ची धार. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजवत ठेवा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि तो स्क्रू केसाएवढा इकडे-तिकडे फिरवा. टाळ जिथे सर्वांत लखलखीत वाजेल तिथे थांबा. मोनोतच का, तर कोन चुकला की दोन चॅनेल मागे-पुढे होतात आणि एकत्र केल्यावर वरचे सूर एकमेकांना खातात, त्यामुळे चूक लगेच ऐकू येते. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करायचं, बाजू पालटल्यावर पुन्हा तपासायचं. इथे गेलेला टाळ नंतर ट्रेबल वाढवून येत नाही, फक्त खरखर वाढते.

डेकवरचं खरखर दाबणारं डॉल्बी बंद ठेवा. ओट्यावरच्या रेकॉर्डरला ते नव्हतंच.

उतरवणं

डेकच्या लाइन आउटमधून इंटरफेसच्या लाइन इनमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, ते मोनो असतं आणि आवाज आपल्या मनाने वर-खाली करतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, निम्मी गुणगुण तिथेच जाते. वीज खाली-वर होत असेल तर काम पुढे ढकला.

24 बिट ठेवा, 48 किंवा 96 किलोहर्ट्झ. तासाभराच्या कॅसेटची वेव्ह फाइल 48 वर साधारण 1 जीबी होते, 96 वर 2 जीबी. जास्तीत जास्त मोठा आवाज मीटरवर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहू द्या. 24 बिटमध्ये वर भरपूर मोकळी जागा सोडली तरी काही बिघडत नाही, लाल दिवा लागला तर मात्र ते नुकसान कायमचं.

एक बाजू अखंड उतरवा. मध्ये थांबवू नका, देणगी पुकारणं आलं तरी थांबवू नका. कुणी किती रुपये दिले आणि कुणाच्या नावाने दिले, हा त्या गावाचा त्या सालचा इतिहास आहे. ही कच्ची फाइल, तिच्यावर कधीही काम करायचं नाही. नाव असं द्या की पोराटोरांनाही कळावं: गाव, प्रसंग, साल, बाजू. दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे. पुढचं सगळं काम तिच्या नकलेवर.

वेग आणि सूर

सेल उतरत आलेला रेकॉर्डर हळू फिरतो. हळू भरलेलं नेमक्या वेगाने वाजवलं की चढं वाजतं. वेगात सहा टक्क्यांचा फरक म्हणजे जवळपास एक अख्खी पट्टी, काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये. रात्रभराच्या भजनात सेल उतरतच जातात, त्यामुळे पहिला अभंग ठीक आणि शेवटची भैरवी पोरगेल्या आवाजात, असंही होतं. (जुन्या तबकड्यांचाही हाच घोळ आहे. त्या सगळ्या काही नेमक्या 78 च्या वेगाने कापलेल्या नव्हत्या, आणि सरसकट 78 वर फिरवून उतरवल्या की गायक मुळापेक्षा चढा किंवा उतरलेला वाटतो.)

आधी तुमचा डेक तपासा. बाजारातली एखादी चांगली कॅसेट लावा, तेच ध्वनिमुद्रण डिजिटल रूपात मिळवा आणि दोन ओळींमधलं अंतर सेकंदांत मोजा. मग भजनाकडे या. मोजपट्टी म्हणजे पेटी. मंडळाची तीच पेटी देवळात अजून असेल तर तिचा षड्ज फोनवरच्या ट्यूनरने मोजा आणि टेपवरच्या षड्जाशी ताडून पाहा: सुरुवातीला, मध्ये, शेवटी. पेटी राहिली नसेल तर बुवा कुठल्या पट्टीत गायचे ते जाणत्यांना विचारा. दुरुस्ती वेग आणि सूर एकत्र बदलणाऱ्या हत्याराने करायची, नुसता सूर बदलणाऱ्याने नाही, कारण चूक मोटरची होती. वेग सरकत गेला असेल तर प्रत्येक भजन वेगळं सुधारा.

विजेच्या 50 हर्ट्झ गुणगुणीवरून वेग ठरवावा, असा एक सल्ला मिळतो. आपल्याकडे त्या काळच्या कॅसेटींना तो लागू करू नका. ग्रिडची वारंवारताच तेव्हा 50 वर स्थिर नसायची.

सफाई

हे काम बोटावर मोजण्याइतकं ठेवा आणि या क्रमाने करा.

ओट्यावरचा रेकॉर्डर मोनो होता, तुम्ही स्टिरिओ डेकवर उतरवलं. म्हणजे एकाच आवाजाच्या दोन प्रती हातात आहेत, प्रत्येकीची खरखर निराळी. दोन्ही सारख्या चांगल्या असतील तर एकत्र करा: गाणं जुळून येतं, खरखर जुळत नाही, सुमारे 3 डेसिबलची सफाई फुकटात होते. फितीचा काठ चुरगळलेला असेल तर खराब चॅनेल टाकून एकच ठेवा.

मग टक-टक आवाज हाताने, एकेक. मग गुणगुण: 50, 100 आणि 150 हर्ट्झवर अरुंद काप. रुंद घेतलात तर डग्ग्याचा घुमारा जातो.

शेवटी खरखर, आणि इथेच बहुतेक भजनं मारली जातात. खरखर काढणारं सॉफ्टवेअर आधी खरखरीचा नमुना घेतं आणि त्यासारखं जे दिसेल ते दाबतं. शहनाई किंवा बासरीच्या तानेत हे खपतं. भजनात टाळ आहे, खंजिरी आहे, चिपळ्या आहेत, पन्नास माणसांच्या टाळ्या आहेत. यांचा आवाज सॉफ्टवेअरच्या लेखी खरखरीसारखाच: पसरट, वरच्या पट्ट्यांत विखुरलेला, सुराविना. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरी भजन 12 डेसिबलवर ‘स्वच्छ’ करून पाहा. खंजिरी पाण्याखाली वाजल्यासारखी येते.

त्यात आणखी एक खोच. या रेकॉर्डरांना आवाज आपोआप वर-खाली करणारी सोय होती. भजन थांबलं की ती आवाज चढवते, म्हणून दोन भजनांच्या मध्ये रातकिडे, कुजबुज, पंखा सगळं मोठं होतं. तिथला नमुना घेतला तर तो भजनाखालच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठा निघतो आणि सॉफ्टवेअर गरजेपेक्षा जास्त खातं. नमुना घ्यायचा तो दोन ओळींच्या मधल्या श्वासाएवढ्या फटीतून, अर्धा सेकंद मिळाला तरी पुरे. फितीच्या सुरुवातीचा कोरा भाग तर मुळीच नको, त्यात मंडपच नाही.

ऑडॅसिटीत जे काढलं जाणार तेवढंच ऐकवणारा एक पर्याय असतो, ‘रेसिड्यू’. आधी तो लावा. त्यात नुसती सळसळ ऐकू आली तर पुढे जा. टाळाचा एक जरी ठोका, ‘विठ्ठल’मधल्या ठकाराचा फुत्कार जरी आला, तर आकडा खाली आणा. 4 ते 6 डेसिबलच्या पुढे जायची वेळ क्वचितच येते. उरलेली खरखर ऐकणाऱ्याचा कान दोन मिनिटांत विसरतो. विद्रूप झालेला टाळ तो विसरत नाही.

भोंग्यासमोर धरून भरलेल्या कॅसेटी कर्कश असतात. 1 ते 3 किलोहर्ट्झच्या मध्ये दोन-तीन डेसिबल उतरवा आणि सोडून द्या. भोंग्यातून खर्ज आलेलाच नाही, तो वाढवायला जाल तर फक्त गडगड वाढेल.

कुत्रं भुंकलं, एसटीचा हॉर्न वाजला, कुणी मधेच ‘माउली’ म्हणून दाद दिली, तर राहू द्या. शब्द झाकला जात असेल तेवढाच आवाज कमी करा.

मास्टर

आता भजनं वेगळी करा. पेटीचा पहिला सूर लागण्याआधी सेकंदभर मंडप ऐकू येऊ द्या. कॅसेटची बाजू संपून तुटलेलं भजन हळूहळू विझवा. दुसऱ्या कडव्यातली ओळ उचलून तिथे डकवू नका.

सगळी भजनं एका मापाने ऐकू यावीत म्हणून सरासरी ध्वनिपातळी लफ्स या एककात मोजतात. स्पॉटिफाय आणि यूट्यूब यांचं माप उणे 14 च्या आसपास आहे. त्याहून मोठं दिलं तर ते स्वतःच खाली आणतात, त्यामुळे लिमिटर आवळून काही पदरात पडत नाही. भजनासाठी मी उणे 16 पसंत करतो, आणि सर्वांत उंच शिखर उणे 1 डेसिबलवर. भजन संथ सुरू होतं आणि गजराला चढतं. सगळं सारखं मोठं केलं तर गजर आला हे कळतच नाही. म्हणून पातळी प्रत्येक भजनाला वेगळी जुळवू नका, एका रात्रीची भजनं मिळून एकच सरासरी धरा आणि सगळ्यांना सारखंच वर-खाली करा.

तयार झालं की फोनच्या स्पीकरवर ऐका, मग ट्रॅक्टरवरच्या टेपवर, मग जमलं तर देवळाच्या लाउडस्पीकरवर. शब्द तिन्हीकडे कळले पाहिजेत. नातलगांना व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा.

हक्क

अपलोड करण्याआधी तीन प्रश्न.

ध्वनिमुद्रण कुणाचं? कायद्याने ते करवून घेणाऱ्याचं. मंडळाने करवलं असेल तर मंडळाची लेखी संमती घ्या. बाजारातल्या कॅसेटला हात लावू नका: ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. गायक-वादकांचा वेगळा हक्क 50 वर्षांचा आहे, म्हणून हयात असतील त्यांच्या, नसतील तर घरच्यांच्या सह्या.

शब्द कुणाचे? तुकोबा, नामदेव, जनाबाई यांच्या शब्दांना अडचण नाही. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या भजनांवर 2028 अखेरपर्यंत. भीमगीतं लिहिणारे वामनदादा कर्डक 2004 मध्ये गेले, म्हणजे 2064 अखेरपर्यंत. तोवर परवानगी मागावी लागेल.

आणि चाल? इथे गंमत आहे. आपल्या मंडळांनी कितीतरी भजनं सिनेमाच्या चालींवर बांधलेली आहेत, आणि लोकांना नेमकी तीच पाठ आहेत. ती जपा, घरात वाजवा, प्रकाशनातून वगळा.

हे निस्तरलं की वितरण करणाऱ्या सेवेकडे 24 बिटची वेव्ह फाइल द्या. प्रत्येक भजनाला आयएसआरसी हा 12 अक्षरांचा ओळख-क्रमांक मिळेल, तो वहीत उतरवा. नावं देवनागरीत, टाळकऱ्यांसकट, गावासकट. लेंगी असतील तर भाषा गोरबोली असं वर्णनात स्पष्ट लिहा, यादीत ती नसली तरी. कच्च्या फाइलींची एक प्रत अभ्यासकांच्या हाती पडावी असं वाटत असेल तर गुरुग्रामच्या एथ्नोम्युझिकॉलॉजी अभिलेखागाराला लिहून पाहा. 1982 पासून ते हेच काम करतात.

मूळ कॅसेट फेकू नका. दहा वर्षांनी याहून चांगलं हत्यार येईल. फीत पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डबीत घालून, उभी ठेवा: मधल्या खोलीतल्या कपाटात, माळ्यावर नाही, स्पीकरजवळ नाही. दर वर्षी पावसाळा सरला की डिस्क लावून दोन-चार फाइली वाजवून पाहा.